घामाचे मोल

(हिंदुस्थानातील कामगार चळवळीचा पाया घालणाऱ्या माणसांत नारायण मल्हार जोशी यांचे नाव आदराने घेतले जाते. ते मूळचे शिक्षक होते आणि काही काळ अहमदनगर येथेही त्यांनी शिकवले होते. कामगाराला योग्य मजुरी मिळावी, ती वेळेवर मिळावी आणि त्याला संघटना करण्याचा हक्क असावा, यासाठी ते आयुष्यभर झटले. प्रस्तुत पाठात त्यांच्या कार्याची ओळख करून दिली आहे.)

महिन्याची पहिली तारीख जवळ आली की घराघरांत हिशेब सुरू होतो. किराणा, दूध, घरभाडे, विजेचे बिल, मुलांच्या वह्या, आजीचे औषध. पगार वेळेवर आणि पूर्ण हातात पडला, तर घराची घडी नीट बसते. तो उशिरा मिळाला किंवा कापून मिळाला, तर दुकानदाराकडे उधारी वाढते. मग एखादी वस्तू गहाण पडते आणि कधीकधी एखाद्या मुलाची शाळाही सुटते. म्हणून मजुरी हा केवळ पैशाचा प्रश्न नसतो. तो घरातल्या प्रत्येक माणसाच्या आयुष्याचा प्रश्न असतो.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी त्याच्या हाती द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण शिकवण ऐकणे वेगळे आणि ती कारखान्याच्या दारात अमलात आणणे वेगळे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात कारखान्यातील मजुराला किमान किती मजुरी द्यावी, ती किती दिवसांत द्यावी आणि तीतून किती कापावे, हे ठरवून देणारा कायदा नव्हता. तो व्हावा म्हणून ज्यांनी न थकता प्रयत्न केले, त्यांत ना. म. जोशी हे अग्रभागी होते.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. हा जिल्हा आज रायगड या नावाने ओळखला जातो. शिक्षणासाठी ते पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक झाल्यावर त्यांनी डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९०१ मध्ये ते पदवीधर झाले. त्या काळी पदवीधर तरुणाला सरकारी कचेरीत चांगली नोकरी सहज मिळत असे. जोशी यांनी मात्र शिक्षकाचा पेशा पत्करला. अहमदनगरच्या एका खाजगी शाळेत आणि नंतर सरकारी हायस्कुलांत त्यांनी सुमारे आठ वर्षे अध्यापन केले.

ते दिवस मोठ्या दुष्काळानंतरचे होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्ह्यातील गावेच्या गावे होरपळली होती. विहिरी आटल्या, गुरे मेली, शेते ओसाड पडली. पोटासाठी माणसे गाव सोडू लागली. नगर, पुणे, सातारा, नाशिक आणि कोकणातील रत्नागिरी या भागांतून हजारो माणसे मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाला जात. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकरही मदनपुऱ्यात राहून गिरण्यांत माग चालवत. कोणाची भाषा मराठी, कोणाची उर्दू. कोणी मंदिरात जाई, कोणी मशिदीत. पण गिरणीचा भोंगा मात्र सर्वांसाठी एकाच वेळी वाजे.

१९०९ मध्ये जोशी यांनी नोकरी सोडली आणि ते भारत सेवक समाजात दाखल झाले. ही संस्था गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केली होती. या संस्थेचा सदस्य होणे सोपे नव्हते. स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, संस्था देईल त्या अल्प रकमेत संसार चालवायचा आणि सारे आयुष्य देशसेवेला द्यायचे, अशी प्रतिज्ञा सदस्याला घ्यावी लागे. तिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, घरसंसाराची जबाबदारी असलेल्या माणसाने पक्की नोकरी सोडून हा मार्ग धरणे म्हणजे मोठे धाडस होते. जोशी यांनी ते केले. पुढे इतरांच्या पगारासाठी भांडणारा हा माणूस स्वतःच्या पगाराकडे मात्र पाठ फिरवून आला होता.

संस्थेने त्यांना मुंबईत काम दिले. तेथे त्यांनी कामगारांच्या चाळी पाहिल्या. एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहत. अनेकांना गिरणीत रोज बारा तास उभे राहून काम करावे लागे. गिरणीत काम मिळवण्यासाठी मुकादमाला पैसे चारावे लागत. महिना संपला तरी पगार लगेच मिळत नसे. दहा-पंधरा दिवस उलटल्यावर तो हाती येई. तोवर घर चालवण्यासाठी कामगार सावकाराकडे जाई. पगाराच्या दिवशी सावकार गिरणीच्या दाराशीच उभा असे. कापडात दोष निघाला, तर ते खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेत. दंड किती करावा याला काही धरबंध नव्हता. कामगार बहुधा निरक्षर असल्यामुळे हिशेब बरोबर आहे की चूक, हेही त्याला कळत नसे.

शिक्षकाच्या मनाला ही शेवटची गोष्ट सर्वांत अधिक बोचली असावी, कारण जोशी यांनी कामाची सुरुवात शिक्षणापासूनच केली. १९११ मध्ये मुंबईत त्यांच्या पुढाकाराने सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन झाली. लीगने कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा काढल्या. वाचनालये, दवाखाने, व्यायामशाळा आणि सहकारी पतपेढ्या सुरू केल्या. गरिबांना कायद्याचा सल्ला मिळण्याची सोय केली. दिवसभर गिरणीत राबलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागला. आपला पगार आपण वाचू शकतो, अंगठ्याऐवजी सही करू शकतो, हा त्याला मोठा आधार वाटू लागला.

पण लवकरच जोशी यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. दवाखाना आजार बरा करील, पतपेढी थोडे कर्ज देईल, शाळा अक्षर शिकवील. मात्र मजुरीच अपुरी असेल, तर माणूस पुन्हा आजारी पडेल आणि पुन्हा कर्ज काढील. मूळ दुखणे मजुरीत होते, आणि ते दया दाखवून बरे होणारे नव्हते. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. एक, कामगारांची संघटना. दुसरी, कामगारांच्या बाजूचा कायदा. पुढील सारे आयुष्य त्यांनी या दोन गोष्टींसाठी दिले.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. तिची पहिली परिषद त्याच वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरली. हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे गेले. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, हा नियम त्या परिषदेत मान्य झाला. हिंदुस्थानसाठी मात्र आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठरली. अठ्ठेचाळीस आणि साठ यांतील अंतर लहान नव्हते. तरीही जेथे त्याहूनही जास्त तास काम चाले, तेथे साठ तासांची मर्यादा ही पुढची पायरी होती. १९२२ मध्ये कारखान्यांच्या कायद्यात ती आली. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ती चोपन्न तासांवर उतरली आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीसवर आली. वॉशिंग्टनमध्ये इतरांना १९१९ साली जे मिळाले, ते आपल्या कामगारांना मिळायला सत्तावीस वर्षे लागली.

परदेशातील परिषदेत आपल्या कामगारांच्या वतीने बोलायचे, तर देशात त्यांची एक मोठी संघटना हवी, असे अनेकांना वाटू लागले. त्यातून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष झाले. जोसेफ बॅप्टिस्टा, दिवाण चमनलाल यांच्यासारखे पुढारी या कामात होते. संस्थापकांपैकी एक असलेल्या जोशी यांनी १९२५ ते १९२९ आणि पुन्हा १९४० ते १९४८ या काळात संघटनेचे सरचिटणीसपद सांभाळले. पत्रे लिहिणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, माहिती जमवणे, बैठका बोलावणे ही न दिसणारी कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली. टाळ्यांचा कडकडाट व्हावा असे भाषण करणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. आकडे समोर ठेवून शांतपणे बोलणे हीच त्यांची रीत होती.

त्या वेळी संघटना बांधणे धोक्याचेही होते. मद्रासमध्ये १९१८ साली स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनचा अनुभव ताजा होता. तेथील बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या मालकांनी युनियनचे अध्यक्ष बी. पी. वाडिया आणि इतरांवर न्यायालयात दावा लावला. कामगारांना काम बंद ठेवण्यास सांगितले म्हणून मालकांचे नुकसान झाले, असा त्यांचा आरोप होता. न्यायालयाने पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम काढला. कामगारांची बाजू घेऊन बोलणे हाच जर गुन्हा ठरला, तर संघटना टिकणार कशी?

जोशी १९२१ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारनियुक्त सदस्य होते. सामान्य कामगाराला मताचा अधिकार नव्हता, म्हणून त्याच्या वतीने बोलणारा माणूस सरकार नेमत असे. नेमणूक सरकारची असली, तरी जोशी बोलत ते कामगारांच्या बाजूने. १९२१ च्या मार्च महिन्यातच त्यांनी ठराव मांडला की कामगार संघटनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे. सभागृहात जमीनदार, व्यापारी, गिरणीमालक आणि सरकारी अधिकारी होते. तरीही जोशी यांनी हा प्रश्न सोडला नाही. अखेर १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा संमत झाला. कोणत्याही सात कामगारांना एकत्र येऊन संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येऊ लागला. नोंदणी झालेल्या संघटनेच्या पुढाऱ्यांवर संपाच्या कारणाने कटाचा खटला किंवा नुकसानभरपाईचा दावा सहजासहजी लावता येईनासा झाला.

सर्वच प्रयत्नांना यश आले असे नाही. बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रीला सुटी आणि पैशांची मदत मिळावी, म्हणून १९२४ मध्ये जोशी यांनी एक विधेयक मांडले. सभागृहाने ते फेटाळले. पण एकदा मांडलेला विचार पुसला गेला नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने असा कायदा केला आणि नंतर इतर प्रांतांनीही तो मार्ग धरला.

सभागृहातील काम चालू असताना मुंबईच्या गिरण्यांत मोठी खळबळ माजली. १९२५ मध्ये गिरणीमालकांनी कामगारांच्या मिळकतीत साडेअकरा टक्के कपात करण्याचे जाहीर केले. समजा, एखाद्या कामगाराला महिना तीस रुपये मिळत असतील, तर त्याचे जवळजवळ साडेतीन रुपये कमी होणार होते. ज्या घरात शेवटचा आठवडा उधारीवर जातो, त्या घरात साडेतीन रुपये म्हणजे कित्येक दिवसांचे धान्य. सप्टेंबरमध्ये संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. गिरण्यांची धुराडी थंड झाली. कामगारांजवळ शिल्लक नव्हती, म्हणून कित्येकजण आपापल्या गावी परतले. जोशी आणि त्यांचे सहकारी संपकऱ्यांसाठी मदत गोळा करत होते. परदेशातील कामगार संघटनांनीही पैसे पाठवले.

मालकांचे म्हणणे असे की धंद्यात मंदी आहे आणि सरकार देशी कापडावर साडेतीन टक्के जकात घेते, ती सरकारने उठवावी. हा कर इंग्लंडमधील कापड कारखानदारांच्या फायद्यासाठी १८९६ पासून आपल्या कापडावर लादला गेला होता. म्हणजे भांडण होते सरकार आणि मालक यांच्यातील कराचे, आणि त्याची किंमत मोजायची होती कामगाराने. डिसेंबरमध्ये सरकारने जकात थांबवली, मालकांनी कपात मागे घेतली आणि गिरण्या पुन्हा सुरू झाल्या. अडीच महिने उपाशीपोटी एकजूट टिकवलेल्या कामगारांचा तो विजय होता. ही एकजूट संप संपल्यावरही टिकावी, म्हणून जानेवारी १९२६ मध्ये बॉम्बे टेक्सटाइल लेबर युनियन स्थापन झाली. जोशी तिचे अध्यक्ष झाले.

१९२८ मध्ये याहून मोठा संप झाला. एका विणकराने दोनांऐवजी तीन माग चालवावेत, असा मालकांचा आग्रह होता. त्यामुळे अनेकांची नोकरी जाईल आणि उरलेल्यांची मिळकत घटेल, अशी कामगारांना भीती वाटली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सहा महिने गिरण्या बंद होत्या. या वेळी कामगारांत दोन विचारांचे पुढारी होते. जोशी वाटाघाटींवर आणि कायद्यावर विश्वास ठेवणारे. श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांचे साम्यवादी सहकारी लढ्याचा मार्ग मानणारे. त्यांच्यात मतभेद तीव्र होते. पण दीड लाख घरांच्या चुली विझल्या असताना दोघांनी वेगळे राहणे योग्य नव्हते. म्हणून संयुक्त संप समितीत ते एकत्र बसले. मतभेद असूनही समान कामासाठी एकत्र येता येते, हा धडा त्यातून मिळतो.

हे ऐक्य फार काळ टिकले नाही. १९२९ मध्ये इंग्रज सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. सायमन कमिशनवर देशाने बहिष्कार घातला होता. तसाच या आयोगावरही घालावा, असे ट्रेड युनियन काँग्रेसमधील अनेकांना वाटले. जोशी यांनी मात्र आयोगाचे सदस्यत्व स्वीकारले. त्याच वर्षी नागपूरला पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले आणि बहिष्काराचा ठराव बहुमताने संमत झाला. जी संघटना जोशी यांनी नऊ वर्षे वाढवली, तिच्यातून त्यांना सहकाऱ्यांसह बाहेर पडावे लागले. त्यांच्यावर टीका झाली. सरकारच्या आयोगावर बसणारा माणूस कामगारांचा मित्र कसा, असे विचारले गेले.

हा प्रश्न सोपा नव्हता. बहिष्कार घालणाऱ्यांचा सरकारवरचा अविश्वास खोटा नव्हता. पण जोशी यांचा विचार असा की कामगारांचे हाल एकदा सरकारी कागदावर नोंदले गेले, तर कोणालाही ते नाकारता येणार नाहीत. १९३१ मध्ये आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोन-तृतीयांश कामगार कर्जात बुडालेले आहेत, असे त्यात नमूद होते. बिडीच्या आणि गालिचाच्या काही कारखान्यांत पाच-पाच वर्षांची मुले दिवसाला दहा-बारा तास काम करतात आणि त्यांना दोन आण्यांइतकी कमी मजुरी मिळते, हेही त्यात लिहिले होते. आईबापांनी घेतलेल्या उचलीपोटी मुले मालकाकडे जणू गहाण ठेवली जात.

या अहवालाचे परिणाम हळूहळू दिसू लागले. १९३३ मध्ये मुलांची मजुरी गहाण ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला. १९३६ मध्ये वेतन देण्याचा कायदा आला. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात पगाराची मुदत संपल्यापासून सात दिवसांत आणि इतर ठिकाणी दहा दिवसांत पगार देणे बंधनकारक झाले. रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा अधिक दंड करण्यास मनाई झाली. पंधरा वर्षांखालील मुलाला दंड करता येईनासा झाला. दंडाची रक्कमही कामगारांच्याच हितासाठी खर्च करावी, असे ठरले. घाम वाळण्याआधी नाही, तरी सात दिवसांत मजुरी देण्याची सक्ती तरी झाली.

या अहवालातील आणखी एक शिफारस आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या धंद्यांत मजूर विखुरलेले असतात आणि संघटना उभी राहणे कठीण असते, तेथे किमान मजुरी ठरवून देण्याचा विचार व्हावा, असे आयोगाने सुचवले. अशा धंद्यांत बिडी वळणे हाही एक धंदा होता. अहमदनगर शहरात, संगमनेरला, अकोल्याला बिड्या वळून संसार चालवणाऱ्या स्त्रिया आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. त्या मांडीवर सूप घेऊन बसतात. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, असे हे काम चालते. मजुरी हजार बिड्यांमागे असते. काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, तर तेवढे कष्ट वाया जातात. घरी बसून काम करणारी एकटी बाई मालकाशी भाव कसा करणार? घरात पीठ नसेल, तर जी मजुरी मिळेल ती तिला घ्यावीच लागते. म्हणून कायद्याने एक रेषा आखून द्यावी लागते. या रेषेच्या खाली कोणी जायचे नाही, हाच किमान वेतनाचा अर्थ आहे.

तो कायदा होण्यास मात्र बराच काळ लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक कायदेमंडळात मांडले. स्वातंत्र्यानंतर मार्च १९४८ मध्ये तो कायदा झाला. त्याच्या यादीत बिडी, गालिचे, तेलाच्या गिरण्या, खडी फोडणे, रस्ते बांधणे, कातडी कमावणे असे धंदे होते आणि शेतमजुरीही होती. जास्तीत जास्त पाच वर्षांनी मजुरीचा फेरविचार करावा, असेही त्यात म्हटले होते. पुढे २०१९ मध्ये संसदेने वेतन संहिता मंजूर करून १९३६ चा आणि १९४८ चा हे दोन्ही कायदे तिच्यात सामावून घेतले. कायद्याचे नाव बदलले, पण किमान मजुरी आणि वेळेवर पगार ही तत्त्वे तीच राहिली.

दरम्यान ट्रेड युनियन काँग्रेसमधून फुटलेले गट १९३८ ते १९४० या काळात पुन्हा एकत्र आले. ज्या संघटनेतून जोशी बाहेर पडले होते, तिनेच त्यांना १९४० मध्ये पुन्हा सरचिटणीस केले. त्याच वर्षी त्यांनी भारत सेवक समाज सोडला. उतारवयातही ते कामगारांसाठी काम करत राहिले. ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या भागात गिरण्यांचे भोंगे वाजत, त्या लोअर परळमधील डिलाइल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे मोजावे याचे सूत्र ठरवले. कमावत्या माणसाच्या कुटुंबाला पुरेल एवढे अन्न, वर्षाला बहात्तर वार कापड, घरभाडे आणि इंधनादी इतर खर्च, हे सारे त्यात धरले गेले. म्हणजे मजुरी मालकाच्या मर्जीवरून नव्हे, तर माणसाच्या गरजेवरून ठरावी. जोशी यांनी रात्रीच्या शाळांपासून जो प्रवास सुरू केला, तो येथवर येऊन पोहोचला.

तरी एक गोष्ट विसरून चालणार नाही. कायदा पुस्तकात असतो आणि मजूर रस्त्यावर असतो. ज्याला आपला हक्क माहीत नाही, त्याच्यापर्यंत कायदा पोहोचत नाही. हजेरी कोठे लिहिली, दर काय ठरला, किती कापले आणि का कापले, हे विचारण्यासाठी वाचता यावे लागते, हिशेब यावा लागतो आणि शेजारी उभा राहणारा सोबती लागतो. म्हणूनच जोशी यांनी कामाची सुरुवात रात्रीच्या शाळेपासून केली आणि नंतर संघटना उभारली. नगरच्या वर्गात फळ्यापुढे उभा राहणारा हा शिक्षक पुढे साऱ्या देशातील कामगारांचा शिक्षक झाला. आपल्या घरी कोणी मजुरी करत असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्या हिशेबाची वही उघडून त्यांना वाचून दाखवा. जोशी यांना यापेक्षा मोठा मान दुसरा कोणता वाटला नसता.

शब्दार्थ

पेशा – व्यवसाय. धरबंध – मर्यादा. मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा. उचल – आगाऊ घेतलेली रक्कम. जकात – येथे मालावरील सरकारी कर. मनाई हुकूम – एखादी गोष्ट करू नये असा न्यायालयाचा आदेश. फेटाळणे – नाकारणे. संमत होणे – मंजूर होणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ना. म. जोशी यांचा जन्म कोठे झाला?
(आ) सोशल सर्व्हिस लीगची स्थापना कोणत्या वर्षी झाली?
(इ) ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अध्यक्ष कोण होते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गिरणी कामगाराला सावकाराकडे का जावे लागे?
(आ) १९२५ चा संप का झाला आणि तो कसा मिटला?
(इ) घरी बिड्या वळणाऱ्या स्त्रियांसाठी किमान वेतनाचा कायदा का आवश्यक होता?

३. आयोगाचे सदस्यत्व स्वीकारण्याचा जोशी यांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? दोन्ही बाजू लक्षात घेऊन तुमचे मत लिहा.

४. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ फिरवणे, गळ्यात मारणे, ध्यानात येणे.

५. उपक्रम : एक रुपया म्हणजे सोळा आणे. १९३६ च्या कायद्यानुसार बत्तीस रुपये पगार असलेल्या कामगाराला जास्तीत जास्त किती दंड करता आला असता, ते काढा.